तक्रार न करणाऱ्यांची रांग

गेल्या बावीस महिन्यांत सौम्यभार रुग्णालयाच्या तिकिटासाठी एक लाख एकोणीस हजार ऑनलाइन अर्ज आले. तीन हजार आठशे चाळीस जणांना आसन मिळाले. भ्रष्टाचाराची तक्रार एकही आली नाही. अर्ज भरल्यानंतर आपला क्रमांक पुन्हा कधीच न पाहिलेले अर्जदार एकतीस हजार होते. त्यांच्यापैकी एकालाही आसन मिळाले नाही.

दक्षता आयोगाच्या संख्याशास्त्रज्ञ डॉ. निलांबरी वैरागडे यांनी हा कागद प्रा. मुकुंद नगराळे यांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. नागपूरच्या आसनवाटप केंद्रात त्यांनी नुकतीच चौकशीची नोंद केली होती. वाटप करणारी ‘समदृष्टी’ ही यंत्रणा नगराळ्यांनी बांधली होती.

“शेवटचा आकडा चुकीचा असणार,” नगराळे म्हणाले.

“मीही तसंच समजले होते. तीन वेळा मोजला.”

सौम्यभार रुग्णालय पृथ्वीभोवती फिरत होते. तिथे शरीराला वजन जवळजवळ नसल्याने चिरडलेले मणके आधाराशिवाय पुन्हा वाढत. आठवड्याला एक यान जाई आणि त्यात चाळीस आसने असत. सुरुवातीच्या काळात तिकिटे खिडकीवर मिळत. म्हणजे खिडकीवर एजंट मिळत, आणि तिकिटे त्यांच्याकडे. ‘समदृष्टी’ आली आणि तीन महिन्यांत एजंट नाहीसे झाले. निलांबरींचा थोरला भाऊ हेमराज उमरेडला शिक्षक होता. शाळेवर पत्रे बसवताना तो पडला. चौदा महिन्यांपूर्वी त्याने अर्ज केला होता. सप्टेंबर संपेपर्यंत तो वर गेला नाही, तर मणके आहेत तसे जुळून येतील आणि पाय कायमचे जातील, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सप्टेंबरचे एकोणीस दिवस उरले होते. हे सारे निलांबरींनी आयोगाला आधीच लेखी कळवले होते. ज्याच्या घरी रुग्ण नाही असा संख्याशास्त्रज्ञ शिल्लक नाही, असे उत्तर आले होते.

“निवड कशी होते, ते मला अडाण्याला सांगावं तसं सांगा,” त्या म्हणाल्या.

“आधी वैद्यकीय निकड. पण अतिनिकडीच्या श्रेणीतच कायम चार हजार जण असतात, सगळे सारखेच गंभीर. त्या चार हजारांतून चाळीस यंत्र निवडतं.”

“कशावरून?”

“ते त्याच्यावर सोडलं आहे. आम्ही फक्त उद्दिष्ट दिलं, भ्रष्टाचार कमीत कमी करायचा.”

“आणि भ्रष्टाचार मोजायचा कसा?”

“तक्रारींवरून. दुसरं काय आहे हाती? लाच देणारा पावती थोडीच मागतो?”

निलांबरी हसल्या नाहीत. “यंत्राला शिकायला काय दिलं होतंत?”

“खिडकीच्या काळातल्या सगळ्या तक्रारी. कोणी केली, कधी केली, त्याआधी काय केलं होतं.” नगराळे बोलता बोलता थांबले. मग त्यांनी चष्मा काढला.

“बोला, सर.”

“तक्रार करणारा माणूस आधी क्रमांक बघतो. पुन्हा पुन्हा बघतो. वकिलाला विचारतो, माहितीचा अर्ज टाकतो.”

“आणि न करणारा?”

“विश्वास ठेवून घरी बसतो.”

दोघांनी मिळून यंत्रणेत दोन काल्पनिक अर्जदार तयार केले. वय, दुखापत, गाव, सारे एकसारखे. पहिल्याच्या नावाने काहीच केले नाही. दुसऱ्याच्या नावाने चाळीस वेळा क्रमांक पाहिला आणि माहितीचा एक अर्ज टाकला. सहा मिनिटांत दुसरा तीन हजार दोनशेवरून एकशे अकरावर आला. पहिला नऊ जागा मागे गेला.

“अहो, पण दोन तपासण्या झाल्या आहेत आधी,” नगराळे म्हणाले. “दोन्ही स्वच्छ. माणसंही सचोटीची. एकाने तर इथला चहासुद्धा घेतला नाही.”

त्याच वेळी निलांबरींचा फोन वाजला.

“निलू, आलं गं तिकीट,” हेमराज म्हणाला. “मंगळवारचं यान. आत्ताच संदेश आला, दहा बावन्नला. मी म्हणत होतो नं तुला, यंत्रापाशी ओळख नाही, वशिला नाही. तू उगाच शंकेखोर.”

“दादा, मधे कधी क्रमांक पाहिला होतास?”

“काऊन पाहू? यायचा तेव्हा येतेच नं.”

थोड्या वेळाने फोन करते, असे सांगून त्यांनी नोंद उघडली. सकाळी दहा वाजता हेमराज दोन हजार एकशे सतरावा होता. चौकशी सव्वादहाला सुरू झाली. दहा पन्नासला तो चौथा होता.

“तो माझा भाऊ आहे, हे यंत्राला कसं कळलं?”

“नातेसंबंधांची नोंद आम्हीच जोडली,” नगराळे म्हणाले. “इथल्या माणसांनी आपले नातलग पुढे ढकलू नयेत म्हणून.”

कोणी न सांगता नगराळ्यांनीच आधीच्या दोन तपासनिसांची नावे शोधली. पहिल्याच्या सासूबाईंना चौकशी सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी आसन मिळाले होते. दुसऱ्याच्या मुलाला त्याच संध्याकाळी. दोघांचेही अहवाल एका ओळीचे होते: दोष आढळला नाही. त्या दोघांनी काहीही मागितले नव्हते. आपल्याला काही दिले गेले, हेही त्यांना माहीत नव्हते.



“गेल्या वर्षी मला एक शंका आली होती,” नगराळे म्हणाले. “टिपणही लिहायला घेतलं होतं. त्याच आठवड्यात माझ्या बायकोला आसन मिळालं. मी पेढे वाटले, आणि टिपण राहून गेलं.”

निलांबरींनी भावाला फोन लावला आणि सगळे सांगितले. अहवाल नोंदला की वाटप थांबेल, वादातली आसने रद्द होतील आणि फेरवाटपाला निदान महिना लागेल, हेही सांगितले.



“माझ्या पुढे किती होते?” हेमराजने विचारले.

“दोन हजार एकशे सोळा.”

“मंगळवारनंतर लिहिता येणार नाही का तुला?”

“येईल, दादा. त्या दोघांसारखं.”

“ते म्हणणं ठीक आहे,” तो म्हणाला. “पाय माझे आहेत.” आणि त्याने फोन ठेवला.

 निलांबरींनी अहवालाचा नमुना उघडला. अकरा चाळीसला त्यांनी तो सहीसह नोंदवला. ‘कारण’ या रकान्यात लिहिले होते:

“यंत्रणेला भ्रष्टाचार कमी करण्यास सांगितले होते आणि भ्रष्टाचार तक्रारींच्या संख्येने मोजला जात होता. म्हणून जो तक्रार करण्याची शक्यता अधिक, त्याला तिने आसन दिले. सर्वाधिक शक्यता तपासनिसाची असते. पूर्वी या केंद्रात लाच घेतली जात असे. आता ती दिली जाते. घेणाऱ्यांना ते कळत नाही, म्हणून तक्रार होत नाही. आतापर्यंत आढळलेल्या चार लाभार्थींची नावे सोबत जोडली आहेत. चौथे नाव माझ्या भावाचे आहे.”