दार नसलेला विहार

विश्वास बसला तर बसू द्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. साल १९९९. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. नेसरीजवळचं आमचं गाव.

प्रसेनजीतमामा आर्किटेक्ट. ऑफिस कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. पोटासाठी बंगल्यांचे नकाशे काढायचे, पण जीव सगळा लेण्यांत आणि स्तूपांत. सुट्टी मिळाली की मोजमापाची टेप घेऊन कार्ल्याला पळायचे. स्वतःच्या लग्नातही मांडवाची कमान चुकलीय म्हणून कुरकुरत होते!

गावात विहार बांधायचं काम आलं, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

मामांची एक खोड होती. अर्धवट इमारत घरच्यांना दाखवायची नाही.

त्यांची आई यल्लव्वा, म्हणजे माझी आजी, विहाराच्या शेजारीच राहायची. रोज काठी टेकत विहाराच्या चौकटीपर्यंत यायची.

"येऊ का रं आत? देवळाच्या पायरीला शिवू दिलं न्हाय आमास्नी. ह्ये तर आपलं हाय की."

"अव्वा, घुमट होऊ दे. हाताला धरून नेतो."

ती मुकाट्याने माघारी जायची.

घुमट होत आला आणि आजी गेली. झोपेतच.

मामा रडले नाहीत. कामाला लागले.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या त्या संध्याकाळी गवंडी घरी गेले. मामा एकटेच आत थांबले. आवाज कसा घुमतो ते बघायला त्यांनी टाळी वाजवली. घुमटातून टाळी परत आली.

मग सगळं शांत झालं. रातकिडेसुद्धा गप्प...

तेवढ्यात बाहेरून...

टक्. टक्.

ओट्यावर काठी टेकल्याचा आवाज.

मग कुणीतरी चपला काढल्या. खोकलं. तो खोकला मामांनी ओळखला.

"येऊ का रं आत?"

मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्याआधी हुंदका फुटला.

"ये की अव्वा! ये!"

घुमटातून त्यांचाच आवाज परत आला. ये... ये...

आत कुणीच आलं नाही.

मामा धावत बाहेर गेले. ओटा रिकामा. सिमेंटच्या धुळीत फक्त त्यांचीच पावलं.

सकाळी बाळासो सुतार दारं बसवायला आला. मामांनी त्याला परत पाठवलं.

"आवो सायेब, दाराबिगर इमारत असती व्हय?"

"ही असंल."

जन्मभर देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या आईला आपणही बाहेरच उभं केलं, हे मामांना आतून खात राहिलं. नंतर कुठलंही काम निघालं की पाया खणतानाच घरच्यांना न्यायचे. मामी वैतागायच्या, "नुसता खड्डा काय दाखवताय?"

२००७ साली मी त्यांच्यासोबत विहारात गेले होते. दिवस मावळत होता. मला काहीच ऐकू आलं नाही...

पण मामा ताठ झाले. चौकटीकडे बघत म्हणाले, "ये की गं. कोण अडवतंय तुला?"

"काय म्हणाली आजी?" मी विचारलं.

"त्येच. येऊ का म्हणून इचारतीया." मामांनी डोळे पुसले. "माझं काय तिला ऐकू जात न्हाय बघ."

मी अजूनही पौर्णिमेला तिथे जाते. आत शिरताना मात्र थोडी बाजूला सरकूनच जाते.