कापलेली मोची

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. कानाझावातल्या आमच्या छोट्या संग्रहालयात, अकरा जानेवारीला, भर दुपारी. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होतं, त्यामुळे आत चिटपाखरूही नव्हतं.

दालनात दोन चिलखतं शेजारीशेजारी मांडलेली.

एक जर्मन. डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्रा. त्याची सरळ, दुधारी तलवार बाजूला काचेच्या पेटीत.

दुसरं आपलं, जपानी. लाख लावलेल्या बारीक पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी गुंफलेल्या, बाकदार एकधारी तलवार, तोंडावर मिशाळ लोखंडी मुखवटा. हे इसामु कुरोसाकाच्या खापरपणजोबांचं. इसामु आमच्याकडे चिलखतं सांभाळायचा.

संचालक निवांनी दाराशी मतपेटी ठेवली होती. दोघं लढले असते तर कोण जिंकलं असतं? जे हरेल ते कायमचं गोदामात.

आणि आपलं हरत होतं.

इसामु नुसता धुमसत होता.

"त्या पत्र्यावरून बाण घसरेल, मान्य," तो तिकीटखिडकीवरच्या मिझुहोला म्हणाला. "पण आपल्याला डोंगरात पळायचं होतं, चिखलात लढायचं होतं. आपापल्या मुलखात दोघंही शहाणे. ही काय कोंबड्यांची झुंज आहे?"

"मला काय सांगता, कुरोसाकासान? साहेबांना सांगा."

"त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं!"

चिलखतापुढे ठेवलेली मोची अकरा जानेवारीला फोडून खायची, ही आमची रीत. चिकट तांदळाचा तो गोळा वाळून दगड झालेला असतो. तो हातोडीने फोडायचा. पातं लावायचं नाही. योद्ध्याच्या घरात कापणं म्हणजे पोट कापून जीव देणं, महाअपशकुन. आमच्यातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही.

इसामुने आपल्या चिलखतापुढे नववर्षाची वाळलेली मोची ठेवली.

"आणि पाहुण्याला?" मिझुहोने विचारलं.

"त्याला मतं मिळताहेत ना? तीच खाऊ दे."

दालनाला कुलूप लावून दोघं स्वयंपाकघरात गेले. मोचीबरोबरचं लाल घेवड्याचं गोड सार गरम करायचं होतं.

टण्...

आवाज दालनातून आला.

"छपरावरचं बर्फ असेल," मिझुहो म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

मग चामडं करकरल्यासारखं काहीतरी...

मग काहीच नाही. दालनात हवा कोरडी ठेवणारं यंत्र दिवसभर घरघरायचं. तेही बंद पडलं होतं.

इसामुने धावत जाऊन कुलूप काढलं.

मोची कापलेली होती. बरोबर मधोमध.

अर्धी आपल्या चिलखतापुढे. अर्धी... जर्मन चिलखतापुढे.

काचेच्या पेटीचं कुलूप जसंच्या तसं. आतल्या दुधारी पात्यावर मात्र पांढरं पीठ.

आपली रीत ज्याला ठाऊक नाही, त्यानेच हे केलं असणार.

मिझुहोची हाक ऐकून निवा आले. सगळं पाहिलं आणि भडकले.

"किल्ल्या कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे, साहेब. पण..."

"हरायला लागलात म्हणून हे चाळे?"

"आम्ही गेलो तेव्हा अख्खी होती, साहेब," मिझुहो म्हणाली. "मी पाहिलीय."

"तू गप्प बस. तू त्यांचीच. कुरोसाकासान, मतमोजणी संपली. तुमचं हे चिलखत आजच्या आज गोदामात गेलं पाहिजे."

चोर सोडून संन्याशाला फाशी! इसामुचे डोळे भरून आले. ते दोघं गेल्यावर त्याने शिरस्त्राण उतरवलं. मग मुखवट्याच्या गाठी सोडल्या.

मुखवट्याच्या आत बोटांना काहीतरी ओलं लागलं.

मोचीचा घास... चावलेला.

त्याने खाली पाहिलं. अर्धी मोची तिथे नव्हती.

जर्मन चिलखतापुढचीही नव्हती.

"मिळून खाल्लीत होय?" तो रडत ओरडला. "मग मी कुणासाठी भांडत होतो?"

यंत्राची घरघर तेवढी पुन्हा सुरू झाली.

चिलखत अजून गोदामात आहे. मुखवटा तसाच, न पुसता, एका पेटीत बंद. इसामु ती पेटी कुणाला उघडू देत नाही. रागाच्या भरात तो आम्हालाच विचारतो, "एवढी दोस्ती होती, तर साहेबांसमोर एकानेही तोंड का उघडलं नाही?"

आम्ही विषय बदलतो. त्यांनी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजून झोपू देत नाही.