गुडघ्याखालची उशी

"हात लावू नकोस त्या उशीला! माणूस आहेस की कोण आहेस तू?"

सासूबाईंचा आवाज असा चिरकला, की दाराशी आलेली नणंद जागीच थबकली. सुनेने मात्र खालमानेने, सासूबाईंच्या शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याखालची ती मऊ उशी अलगद काढून घेतली आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. गुडघा ताणला गेला... आणि त्या माउलीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"वहिनी, अगं दुखतंय तिला! मी एवढ्या मायेनं ठेवली होती ती!"

"वन्सं, आधार टाचेला हवा. गुडघ्याखाली उशी राहिली तर पाय वाकलेलाच आखडेल..."

"झाली मोठी डॉक्टरीण! स्वतःची आई असती तर अशी ओढली असतीस?"

सुनेने टाचेखालची गुंडाळी नीट बसवली. शाळेच्या ग्रंथालयातल्या नोकरीतून रजा घेऊन ती या खोलीत अडकली होती. बर्फाच्या पिशव्या, गोळ्यांच्या वेळा, गुडघ्याचे व्यायाम, वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत नेणं... अंगातलं त्राण कधीच संपलं होतं. चालत होता तो केवळ दिलेला शब्द!

हो, शब्दच. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्यांना बाहेर काढून तिचा हात घट्ट धरला होता. "लेक माझी हळवी, आणि मुलगा तर सुई बघूनच घेरी येऊन पडतो. उद्यापासून मी रडेन, तुला नाही नाही ते बोलेन... पण तू मला सोडू नकोस. मला पुन्हा मशीनवर बसायचंय गं. माझे पाय थांबले तर मी संपले!" खिडकीखालच्या त्या पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर कपडे शिवूनच त्यांनी दोन्ही लेकरं वाढवली होती.

वेदनेच्या लोंढ्यात सासूबाई ते सारं विसरल्या. आठवण करून द्यावी, असं सुनेच्या ओठांवर कितीदा आलं! पण कण्हणाऱ्या माणसाला त्याच्याच बोलण्यात कसं पकडायचं? देवापुढे हात जोडून ती एवढंच म्हणे... त्यांचं दुखणं कमी कर, माझं राहू दे.

"आजपासून आईचं मी बघते," नणंद म्हणाली. "तू फक्त स्वयंपाकघर सांभाळ."

उशी परत आली. व्यायाम थांबला. सासूबाई शांत झोपू लागल्या, आणि भिंतीपलीकडे भांडी घासता घासता सून एकटीच झुरत राहिली...

फिजिओथेरपिस्ट बाई तपासायला आल्या, तेव्हा पाय काही केल्या सरळ होईना.

"ही उशी कुणाची?" त्यांनी विचारलं. नणंद गोरीमोरी झाली. "अहो, या उशीमुळेच गुडघा आखडतोय. अजून वेळ गेलेली नाही. पण असंच चाललं तर पुन्हा भूल देऊन तो मोकळा करायची पाळी येईल. गोळी द्या, अर्ध्या तासानं व्यायाम, मग बर्फ. दुखणं नुसतं सोसत बसायचं नाही आणि त्याला भिऊन पडूनही राहायचं नाही. पोटरी दुखली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर मात्र लगेच कळवा."

त्या गेल्या. नणंद हुंदके देऊ लागली. सासूबाई कितीतरी वेळ मशीनकडे बघत होत्या.

"सूनबाई... मीच शब्द मागितला होता ना तुझ्याकडे?"

दारातल्या सुनेने मान खाली घातली.

"मग एवढं ऐकून घेतलंस, एकदा तरी तोंडावर फेकायचा होतास!"

"तुम्ही दुखण्यात होतात, आई..."

"वहिनी, चुकले गं मी!" म्हणत नणंद तिच्या गळ्यात पडली.

त्या दुपारी गोळी देऊन, व्यायाम करवून सून पलंगाला टेकून जमिनीवर बसली, आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. मान एका बाजूला लटकली.

"ती उशी दे इकडे," सासूबाई कुजबुजल्या.

"आई! पुन्हा?"

"माझ्यासाठी नाही गं, वेडे..."

वाकून त्यांनी ती उशी हलक्या हाताने सुनेच्या मानेखाली सरकवली. मग स्वतःच टाचेखाली टॉवेल ओढून घेतला, पाय ताणला... आणि कळ मस्तकात गेली तसे ओठ गच्च मिटून घेतले; त्या लेकराची झोप मोडू नये म्हणून!