मंजुळेची सुट्टी

रेल्वेचं फाटक बंद झालं आणि मंजुळेच्या लक्षात आलं, की धर्मादादाचा हात आपल्या हातात नाही.

भाजीच्या पाटीकडं तिनं क्षणभरच पाहिलं होतं. तेवढ्यात हा चौतीस वर्षांचा उंचापुरा माणूस गर्दीतून निसटला होता... थेट रुळांच्या कडेला. इंजिनाची शिटी झाली. मंजुळा धावली — आणि थबकली. कुणी एक तरुण धर्मादादाच्या शेजारी उभा होता. त्यानं त्याला ओढलं नव्हतं की दटावलं नव्हतं. नुसता हात धरून तो त्याच्याबरोबर गाडी बघत होता.

शेवटचा डबा गेला तसा तो वळला.

"भाऊ सांगत होते, गाडी लई लांबलचक होती."

"त्यो परक्याशी बोलत न्हाई," मंजुळा धापा टाकत म्हणाली.

"मग मी परका नसंन," तो हसून म्हणाला.

त्याचं नाव ज्योतीराम. बार्शीकडचा. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला, तिथं फिटर म्हणून लागला होता आणि कासारवाडीत खोली घेऊन राहत होता. हे सगळं मंजुळेला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच मनात राहिलं, की या माणसानं तिच्या भावाला अहो-जाहो केलं. गावात सगळे त्याला येडा धर्मा म्हणत. तिला रात्रभर झोप लागली नाही.

मंजुळेला स्वस्थता अशी ठाऊकच नव्हती. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. तेव्हापासून धर्मादादाची आंघोळ, जेवण, त्याचं रुसणं, रस्ता चुकणं, सारं तिच्यावर. ताटापुढं बसली तरी तिचा एक कान दाराकडे. तेविसावं सरत आलं होतं. दोन स्थळं तिनंच परतवून लावली होती. वडील, दौलतराव — ती त्यांना आबा म्हणे — शेतावरून आले की नुसते तिच्याकडे बघत आणि पाणी मागत.

त्याच वर्षी, सत्तावन्न साली, सावित्रीबाईंनी आपल्या घराची पडवी उघडली. बाई पुण्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या लेकीला, शालनला, बोलता येत नसे, लहान मुलीएवढीच समज होती. अशा सहा मोठ्या माणसांना त्या सकाळी दहापासून पाचपर्यंत आपल्याकडे बसवू लागल्या. गाणी म्हणायची, अंगण झाडायचं, पळसाच्या पत्रावळी लावायच्या. बाईंचं म्हणणं होतं, की यांनाही रोज सकाळी आवरून कुठंतरी जायचं असतं.

मंजुळा धर्मादादाला घेऊन गेली आणि स्वतःही तिथंच बसू लागली.

धर्मादादाच्या बोटांना पत्रावळ जमेना. पानं सरकत, तो चिडून भिरकावून देई. रविवारच्या सुट्टीला ज्योतीराम सहज डोकावला, बराच वेळ बघत राहिला, आणि पुढच्या रविवारी लाकडाचा एक गोल साचा घेऊन आला. कडेला काठ होता, त्यामुळं पानं जागची हलत नसत. धर्मादादानं रचायची, शालननं बांबूच्या चोयांनी टाचायची. पहिली पत्रावळ पुरी झाली तेव्हा धर्मादादानं ती डोक्यावर धरून अंगणभर फिरवली.

मग ज्योतीराम दर रविवारी येऊ लागला. साच्याचं काही ना काही काम निघेच.

"चांगला हाय की साचा," एकदा मंजुळा पानं पुसत म्हणाली. "रोज काय तासता?"

"तासून झालं तर यायचं कशाला... ते कुणीतरी सांगावं लागंल."

तिनं मान खाली घातली. पळसाच्या पानांचा ओला, तुरट वास बोटांना लागला होता आणि एकच पान ती तिसऱ्यांदा पुसत होती.

पौषात त्यानं सरळ विचारलं. मंजुळेनं सरळ नाही म्हटलं. आपल्यामागं धर्मादादाला कोण बघणार, एवढंच ती बोलली. तो काही बोलायला गेला... पण ती उठून आत निघून गेली.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. मंजुळेची नजर अंगणाच्या फाटकावरून हटेना. सावित्रीबाईंनी ते पाहिलं. त्यांनी आणखीही एक पाहिलं होतं. मंजुळा समोर असली, की धर्मादादा घासाला तोंड उघडून बसे. हात हलवत नसे. तिसऱ्या सोमवारी त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. आज तुला सुट्टी, म्हणाल्या.

सुट्टीचं करायचं काय? मंजुळेनं घासलेली भांडी पुन्हा घासली. विहिरीवर दोनदा जाऊन आली. तिसऱ्या प्रहरी राहवलं नाही, तशी पडवीकडे निघाली... आणि रेल्वेच्या फाटकापाशी, पहिली शिफ्ट सुटून येणारा ज्योतीराम समोर आला.

दोघं बरोबरीनं चालू लागली. पडवीला आडोशाला बांबूच्या तट्ट्या होत्या. त्यांच्या फटीतून मंजुळेनं आत पाहिलं. धर्मादादा स्वतःच्या हातानं भाकरी खात होता. मधेच उठला, तांब्यातून शालनला पाणी ओतून दिलं, निम्मं सांडलं, आणि दोघंही हसली. त्यानं दाराकडं एकदाही पाहिलं नाही.

"त्याला माझी सयसुद्धा न्हाई," ती म्हणाली.

ज्योतीरामनंही फटीतून आत पाहिलं. मग म्हणाला, "मी तुमच्याआधी त्यांना विचारलं होतं. थोरले भाऊ हाईत, त्यांचा मान."

मंजुळा वळली. अकरा वर्षांत धर्मादादाला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनंसुद्धा.

"काय म्हणाला त्यो?"

"लई येळ इचार केला. मग म्हणाले, मंजा कुठं राहणार? मी म्हणालो, हितंच, कासारवाडीत. सकाळी तुमी पडवीत, संध्याकाळी वाटलं तर आमच्याकडं जेवायला. तर म्हणाले... वांगं नको."

मंजुळा हसायला गेली आणि रडू लागली. तट्ट्यांआड, भर उन्हात, पदर तोंडाशी धरून. तो नुसता जवळ उभा राहिला, त्या दिवशी रुळांपाशी राहिला होता तसाच.

"तुमी मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी उठून गेलात."

तिनं डोळे पुसले. तट्ट्यांच्या आत धर्मादादा पुन्हा पानं रचायला बसला होता. त्याला हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि मारली नाही.

"पाच वाजायला अजून बराच येळ हाय," ती ज्योतीरामला म्हणाली. "आमचा आबा मळ्यात आसंल. चला... त्यालाबी इचारा."