दर वेळी दहा टक्के

जवळ सरकून बसा. ही ऐकीव नाही बरं का. हा माणूस सतरा वर्षं माझ्याकडूनच फोटोचा कागद न्यायचा.

गावात त्याचं नावच 'हलू नका' पडलेलं. कॅमेरा डोळ्याला लावला की तोंडात हेच दोन शब्द! साऱ्या गावाचे फोटो काढले, बायकोचा मात्र एकही नाही. "माझा कधी काढणार?" ती विचारायची. "तू काय, घरातच आहेस," हा म्हणायचा. चार वर्षांपूर्वी ती गेली. भिंत कोरीच राहिली.

गेल्या नोव्हेंबरात, नऊ तारखेला, मंगळवारी, एका शिंप्याला आपल्या कुटुंबाचा सहा वर्षांपूर्वीचा फोटो मोठा करून हवा होता. याच्याच दुकानासमोर काढलेला. रात्री यानं फाइल उघडली, तर मागं दाराशी... ती! नखाएवढी. चेहरा म्हणजे चार-दोन ठिपके.

शिंपी राहिला बाजूला. यानं तिच्यापुरता फोटो कापला आणि वाढवायला घेतला. एकदम ताणला की फोटो फाटतो, नुसते चौकोन दिसतात, म्हणून दर वेळी दहा टक्के. तसंही हाती फारसं लागत नाही. कॅमेऱ्यानं टिपलंच नाही ते मशीन अंदाजानं भरतं, चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो.

हिचा मात्र दर वेळी स्पष्ट होत गेला. भुवई. तीळ. कानामागची बट.

"असं होत नसतं," तो पुटपुटला. आणि पुन्हा बटण दाबलं.

पावणेदोनला ओठ दिसले. मिटलेले. पुढच्या दहा टक्क्यांना... उघडे.

सवयीनं तोंडून गेलं, "हलू नकोस गं..."

पुढच्या वेळी ती दारापासून एक पाऊल पुढे होती.

घाम फुटला त्याला. तरी छापला. माणूस फार एकटा पडला की भीतीलाही सोबत समजतो. तीन फुटी कागद. शाई ओली. दुकानात वाळत ठेवला, कुलूप लावलं, वर जाऊन पडला.

तीनच्या सुमारास जिना वाजला.

"अहो..."

त्यानं डोळे उघडले नाहीत.

"सरका ना जरा."

तो सरकला...

सकाळी कुलूप जसंच्या तसं. कागदावर दार होतं, उंबरा होता. तिच्या जागी नुसते ठिपके.

मला बोलावून घेतलं त्यानं. वर नेलं. त्याच्या शेजारची उशी, चार वर्षांत कुणी डोकं न टेकलेली, मधोमध दबलेली होती. आणि त्या उशीवर ओल्या शाईत एका गालाचा ठसा... पापणीचा केस न् केस मोजावा, इतका स्पष्ट.