माड तेवढा हिरवा

"माझी झाडं कोणीतरी मारतंय, मॅडम!" खुर्चीत टेकायच्या आतच वैशाली म्हणाली.

पेणमध्ये खासगी गुप्तहेराची पाटी लावणाऱ्या नूतन म्हात्रेने नुसती मान हलवली. तिचे मदतनीस पोपटमामा मात्र पेटलेच. झाडावर हात टाकणाऱ्याला त्यांच्या कायद्यात माफी नव्हती.

वैशालीच्या वसाहतीने उन्हाने भाजून निघणाऱ्या रस्त्याकडेला पावसाळ्यात रोपं लावली होती. पाऊस सरला आणि रोपं करपू लागली. संध्याकाळच्या सभेपर्यंत कारण सापडलं नाही, तर अध्यक्ष हैबतराव तिथे फरशी घालून गाड्या लावणार होते.

दोघं वसाहतीत पोचली. कदंब, बहावा, सोनचाफा, सगळ्यांच्या पानांच्या कडा तपकिरी झालेल्या. टोकाचा माड तेवढा हिरवागार.

"शेळ्या!" मामांनी निकाल दिला.

"शेळी पान खाते मामा, भाजत नाही." नूतनने बुंध्याशी वाकून मातीवरचं पांढरं पूट बोटाने उचललं, जिभेला लावलं आणि घाईने पाण्याची बाटली मागितली. विष की काय म्हणून मामा बाटली घेऊन धावले.

नूतनने विचारताच हैबतराव गुरगुरले, "मला गाडीला जागा हवी, हे मी सगळ्यांच्या तोंडावर सांगितलंय. चोरून कशाला मारू?"

रोज पाणी घालणाऱ्या गोदूबाईंचे डोळे रडून सुजले होते. "बाप मिठागरावर व्हता माझा. त्यानं शिकवलं तसा माड लावलाय. ही पोरं पन तशीच वाढवते गो. पाऊस गेल्यापासून जो सुकंल त्याला जास्ती खुराक देते, तरी जगत नाय!"

मामांनी मनातल्या मनात हैबतरावांना बेड्या ठोकल्या.

सभेत नूतन उभी राहिली. "इथे कोणी वैरी नाही. ते पांढरं पूट म्हणजे मीठ. आपल्या खाडीकाठच्या खारेपाटात माडाच्या मुळाशी मीठ घालतात आणि माडाला ते मानवतं, म्हणून तो एकटा तरारला. बाकीच्यांना सोसलं नाही. वरून पाऊस थांबलेला, त्यामुळे मीठ धुऊन जाईना. जे रोप सुकेल त्यालाच आणखी मीठ मिळत गेलं. गोदूबाई, खुराक हाच ना?"

गोदूबाईंनी तोंडात पदर कोंबला. "व्हय गो! मीच मारली पोरं!"

"अजून मेली नाहीत. मीठ मुरलेली माती काढू, नवी घालू, भरपूर पाणी देऊ. बरीचशी जगतील."

हैबतराव उठले. आता फरशीचा विषय निघणार, असं वैशालीला वाटलं.

"सभा संपली," ते म्हणाले. "फावडी कुठे आहेत?"

मामांनी त्यांना मिठीच मारली. वसाहत बादल्या घेऊन रस्त्यावर उतरली. गोदूबाई मात्र भिंतीशी उभ्या राहिल्या.

"उद्यापासून पानी तूच घाल गो," त्या वैशालीला म्हणाल्या. "माझा हात नको."

वैशालीने पाण्याने भरलेली बादली त्यांच्याच हातात दिली. "तुमच्याइतकं झाडांसाठी इथे कोण रडलंय, मावशी?"

डोळे पुसून गोदूबाई आधी सोनचाफ्याकडे गेल्या.