आकाश वजा करून

"माझा प्रोग्रॅम कुणी बंद पाडला?"

दारात एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस उभा होता. संस्थेच्या मोठ्या संगणकावर माझं मॉडेल आठवडाभर ऐसपैस पसरलं होतं आणि त्याचं काम रांगेतून बाहेर फेकलं गेलं होतं.

"मी," मी म्हटलं. "मग?"

"मग काय... निदान चहा तरी पाजा."

तो खालच्या मजल्यावरचा दुर्बीणवाला. दूरच्या दीर्घिकांचा उजेड तो मोजायचा. तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिकांमधला थंड वायू आणि धूळ किती उजळेल, ते मी गणितानं सांगायचे. महिनाभरात मी त्याची 'धूळबाई' झाले. चहा देताना त्याची बोटं कपावर जरा जास्तच रेंगाळायची, आणि मी... मीही घाई करत नव्हते.

घोडं अडलं ते त्याच्या सर्वांत दूरच्या दीर्घिकेपाशी. माझ्या मॉडेलपेक्षा निम्माच उजेड त्यानं मोजला होता. सोमवारी समितीसमोर हे जुळलं नाही, तर प्रबंधातलं ते प्रकरण गळणार होतं. माझं तीन वर्षांचं काम! माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आकडे जुळवणारा एखादा गुणक लाव आणि मोकळी हो." मी साफ नाही म्हटलं.

"मोजमाप खात्रीचं नाही, असं मी लिहून देतो," एका दुपारी तो हळूच म्हणाला. "ती दीर्घिका वगळून टाक. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. मोजमाप खरं आहे ना तुझं?"

"आहे..."

"मग माझ्यासाठी ते खोटं पाडायचं नाही. असली मदत नको मला." माझा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते.

तो ओशाळला, पण गेला नाही. खुर्ची ओढून बसला. "बरं, मग मोजतो कसं ते तरी ऐक. आधी दीर्घिकेवर दुर्बीण धरायची, मग शेजारच्या रिकाम्या आकाशावर. आकाश वजा करायचं. उरतं ते—"

"थांब."

रिकामं आकाशही किंचित उबदार असतं; विश्वाच्या जन्मावेळची ऊब त्यात अजून उरलेली आहे. मॉडेल मुळात जवळच्या दीर्घिकांसाठी लिहिलेलं, म्हणून त्यात ही ऊब मी आजचीच ठेवली होती. पण तो उजेड निघाला तेव्हा विश्व लहान होतं, आकाश कितीतरी उबदार. ते वजा केलं की थंड धुळीचा उजेड निम्माच उरणार. काखेत कळसा आणि मी गावभर हिंडत होते.

संध्याकाळी नवा आलेख पडद्यावर आला. त्याचा ठिपका माझ्या रेषेवर बसला होता. गुणक न लावता, काही न वगळता. मला हसू आलं, रडूही आलं.

"चुकलोच मी," तो म्हणाला. "पण तुझा उतरलेला चेहरा... बघवत नव्हता. आवडतेस तू मला."

"कधीपासून?"

"ते मोजलं नाही."

"मलाही तू आवडतोस," मी सरळ सांगून टाकलं. "आजच घरी सांगणार आहे. आई विचारेल, मुलगा कसा आहे."

"काय सांगशील?"

"खरं तेच. माझ्यापायी खोटं बोलायला निघाला होता. मी ओरडले, तरी पळाला नाही."

तो हसला. त्याचा हात मीच धरला.